बारा वर्षांचं झाड

आजीच्या दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. नोव्हेंबर 2025 संपत आला होता आणि पाण्यात पाय टाकला की टाचेपासून कळ जात होती. पिंडाला कावळा शिवला, मंडळी पांगली, आणि मामा नि मी गुरुजींच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो. आजीचं नाव वहीत लिहून घ्यायचं होतं.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, लाल कापडात बांधलेल्या तीन-चार लांबट वह्या खालीवर केल्या आणि दहा मिनिटांत सिन्नर तालुक्यातलं आमचं घराणं काढून समोर ठेवलं. वरच्या ओळी मोडीत. त्यांच्याखाली मामांच्या आजोबांची थरथरती बाळबोध सही. मग अण्णा, म्हणजे माझे आजोबा. आता आजी. मामांची सही झाली, माझंही नाव ‘मुलीची मुलगी’ म्हणून लागलं. शाई वाळेपर्यंत गुरुजी पान उघडं धरून बसले होते, तेव्हा माझं लक्ष गेलं. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता आणि शेजारच्या घराण्यासाठी वेगळं पान घेतलेलं होतं.

“गुरुजी, एवढी जागा का सोडलीत?”

“लागेल ना पुढच्यांना,” ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

घाटावर परत आलो तरी माझ्या डोक्यातून ते पान जाईना. मी म्हटलं, “मामा, एवढं साधं आहे बघा. पुढच्यांना लागेल म्हणून जागा सोडायची. गावाला हे का जमत नाही?”

मामा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. मी शाळेत भूगोल शिकवते. नदी हा आमचा जुना वाद आहे. आजी होती तोवर ती मध्ये पडायची. त्या दिवशी मध्ये पडायला कुणी नव्हतं.

“वहीत जागा सोडायला काय पडतं? चार आण्याचा कागद,” मामा म्हणाले. “त्यासाठी कुणाच्या तोंडचा घास काढावा लागत नाही. गावात जागा सोडायची म्हणजे आज ज्याला ती हवी आहे त्याला नाही म्हणायचं. ते म्हणायला कोण जाणार? तू?”

समोर दुतोंड्या मारुती उभा होता. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून अख्खं नाशिक पूर मोजतं. मी त्याच्या पायाशी बोट दाखवलं. “2016 आठवतं? एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याच्या सुमाराला रामकुंड कोरडं पडलं. लोक अस्थी घेऊन आलेले आणि कुंडात पाणी टँकरनं आणून ओतलेलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या 2 तारखेला हा मारुती पुरात. चार महिन्यांत दोन्ही. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी पात्राच्या तळाला काँक्रीट घातलं. तळ बंद केला की खालचं पाणी वर येत नाही आणि वरचं खाली मुरत नाही. हे मी सहावीच्या मुलांना शिकवते.”

“काँक्रीट नसतं तरी 2016 ला दुष्काळच होता.”

“होता. पण दुष्काळात झरेच तर आधार देतात.”

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. पंचा पिळून त्यांनी कठड्यावर पसरला. मग म्हणाले, “27 ऑगस्ट 2003. मी मेळ्याच्या ड्यूटीवर होतो. रामकुंडाकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली. 39 माणसं गेली. मी नंतर तिथं पोचलो तेव्हा रस्ताभर चपला होत्या. बायकांच्या जास्त. एक गाठोडं होतं, त्यातून भाकरी बाहेर आल्या होत्या. तू मला झऱ्यांचं सांगतेस. त्या दिवसानंतर कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की रुंद करा, सपाट करा, माणसाचा पाय घसरता कामा नये. तळ घसरडा होता, गाळ होता, शेवाळ होतं. तेव्हा मला कुणी विचारलं असतं की झरे बुजतील, चालेल का, तर मी चालेल म्हटलं असतं. आजही म्हणेन. जो जन्मलाय त्याचं आधी बघायचं.”

याला उत्तर द्यायची मला घाई नव्हती. ज्यानं त्या चपला पाहिल्यात त्याच्याशी झऱ्यांवरून भांडताना आवाज आपोआप खाली येतो. आणि मामांचं म्हणणं खोटं नाही. जिवंत माणसाची गरज समोर उभी असते, तिला चेहरा असतो. न जन्मलेल्यांची बाजू मांडणाऱ्यांनी हे नेहमी आधी कबूल करावं, असं मला वाटतं.

पण माझा मुद्दा वेगळा होता. “मामा, चेंगराचेंगरी रस्त्यात झाली. रस्ता रुंद करा, माझी हरकत नाही. त्यासाठी नदीचा तळ कशाला लागला?”

“नदीला हात लावायचाच नाही म्हणतेस? मग हे रामकुंड तरी काय आहे? 1696 मध्ये खटावच्या चित्ररावानं बांधलं. पुढे माधवराव पेशव्यांच्या आई, गोपिकाबाई, त्यांनी दुरुस्त केलं. वाहत्या नदीत दगड बसवलेच ना त्यांनी? त्यांनी तुला विचारलं होतं?”

“नाही विचारलं. पण त्यांनी काठ बांधला आणि झरे चालू राहिले. सव्वातीनशे वर्षं त्या दगडावर लोक उभे राहताहेत. त्यांना आपण कोण असू हे ठाऊक नव्हतं, तरी आपल्याला कुंडही मिळालं आणि पाणीही. इथं सतरा कुंडं होती. लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, अहिल्याबाई कुंड, दशाश्वमेध, रामगया, खंडोबा कुंड... माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला यातली चार नावं येत नाहीत. ती चुकतात म्हणून नाही. ती कुंडं त्यांनी पाहिलीच नाहीत.”

“काँक्रीट काढलं की काही ठिकाणचं. नदीसाठी देवांग जानी कोर्टात गेले, झगडले, आणि निघालं. म्हणजे परत उघडता आलं ना? मग तुमचा आकांत कशासाठी होता?”

हा मुद्दा मी घरी येऊनही पुष्कळ वेळ घोळवला. तिथं पायरीवर मी एवढंच म्हणाले, “निघालं, कारण खाली काहीतरी आहे हे माहीत असलेली माणसं अजून हयात होती. जुने नकाशे कुणीतरी शोधले, म्हाताऱ्यांना आठवत होतं. आणखी एक पिढी गेली असती तर? काँक्रीट हीच नदी, असं समजून मुलं मोठी झाली असती. ज्याची आठवणच नाही ते परत मागायला कोर्टात कोण जाईल?”

मामांनी मान हलवली. पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून.

चहा घेतला. टपरीवर बसून मामांनी खिशातून पेन काढलं आणि चहाच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. त्यांना वाद आकड्यात आणल्याशिवाय चैन पडत नाही.

“हे बघ. प्रकल्प मंजूर करताना आम्ही लाभ-व्यय गुणोत्तर काढायचो. पुढचा पैसा आजच्या पैशात आणायचा तर दरसाल काही टक्क्यांनी कापत जायचं. दहा टक्के धर. पन्नास वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आज किती?” त्यांनी गुणाकार केला. “पंच्याऐंशी पैसे.”

“म्हणजे माझ्या नातीच्या वाट्याचे शंभर रुपये आज रुपयाही भरत नाहीत?”

“भरत नाहीत. त्यात अन्याय नाही. पुढचे लोक आपल्यापेक्षा श्रीमंत असतात, हुशार असतात, त्यांच्याकडे नवी यंत्रं असतात. माझ्या आईनं नदीवरून हंडे वाहिले. तिनं माझ्यासाठी काय राखून ठेवायचं होतं? मीच तिच्यापेक्षा सुखी निघालो. गरिबानं श्रीमंताच्या नावानं उपास का करावा?”

“पैशाला हा हिशेब लागू असेल. पैसा वाढतो. झरा दरसाल दहा टक्क्यांनी वाढतो का? पन्नास वर्षांनी माझी नात कितीही श्रीमंत असली तरी आटलेला झरा विकत घेऊ शकणार नाही.” आणि मग मला एकदम आठवलं. “मामा, तुम्ही लोक धरणात मृत साठा का ठेवता?”

ते हसले. कुठं नेतेय ते त्यांना कळलं होतं.

“सांगा ना.”

“गाळासाठी. कालव्याच्या विमोचकाच्या खाली जागा सोडायची. साधारण शंभर वर्षांचा गाळ धरून.”

“शंभर वर्षं! धरण बांधणारा इंजिनिअर तोवर असतो का? गाळ कुणाच्या काळात चढणार, त्याचं नाव त्याला ठाऊक असतं का? तुमच्या पंच्याऐंशी पैशांच्या हिशेबानं तर ती जागा वायाच म्हणायची. तरी तुम्ही सोडता. ही तुमच्या धंद्यातली वहीच झाली.”

मामा गंभीर झाले. “सोडतो. पण गाळ आज्ञेत राहत नाही. गंगापूर धरण 1965 मध्ये पुरं झालं तेव्हा 7,200 दशलक्ष घनफुटांचं होतं. आज 5,630 धरतात. पाचव्या हिश्श्याहून जास्त जागा गाळानं खाल्ली. कागदावर खाली बसायचा तो वरच्या पाण्याच्या जागेतही बसतो. वरचे डोंगर उघडे पडत गेले, उतार नांगरले गेले, माती आली. आम्ही हिशेब केला, पण डोंगरावरचा माणूस काय करील याचा हिशेब आमच्या हातात नव्हता.” थोडं थांबून म्हणाले, “हे एक मला लागतं. हे मी कबूल करतो.”

मामांनी कबूल केलेली त्या दिवसातली ही एकच गोष्ट, आणि तीही त्यांनी स्वतःहून केली.

लगेच त्यांनी डाव फिरवला. “पण मग तू हेही कबूल कर. अण्णा गंगापूर धरणावर मस्टर लिहायला आले. तिथंच आईच्या वडिलांशी त्यांची ओळख झाली, लग्न ठरलं. धरण झालं नसतं तर हे लग्न नाही. लग्न नाही तर मी नाही, तुझी आई नाही, तू नाही. त्या धरणात लोकांच्या जमिनी बुडाल्या, नदीचं वाहणं बदललं. तुझं नुकसान झालं म्हणून तू भांडणार कुणाशी? ते नुकसान झालं म्हणून तर तू आहेस! पुढच्यांचंही तेच. आज आपण तपोवनातली झाडं तोडली की ठेवली, रस्ता असा नेला की तसा, यावरून कोण कुणाला भेटेल, कुणाची लग्नं होतील, कोण जन्मेल हे सगळं बदलतं. जे जन्मतील ते आपल्या निर्णयामुळेच जन्मतील. मग त्यांच्यावर आपण अन्याय केला असं ते कोणत्या तोंडानं म्हणतील?”

मला सांगायला हवं की हे मामांनी कुठंही वाचलेलं नाही. डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं 1984 च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात हाच पेच मांडला, आणि चाळीस वर्षं विद्यापीठांतून त्यावर वाद चालू आहे. मामा तिथं धरणावरच्या मस्टरातून पोचले. आजीच्या दहाव्याला, तिचं लग्न पुढं ठेवून.

मी म्हणाले, “गुरुजींनी जागा सोडली ती कुणासाठी? त्यांना नाव माहीत आहे? कुणाला होईल मूल, मुलगा की मुलगी, एक की चार, काही नाही. तरी ती जागा फुकट नाही. ‘जो कुणी येईल’ त्याच्यासाठी आहे. उद्या त्यांनी त्या जागेवर शाई सांडली, तर जो येईल त्याचं नुकसान झालंच ना? तो कोण, हे ठरलेलं नसलं तरी?”

“शाई सांडण्याच्या आधी तो ठरलेला नव्हता.”

“पण जागा त्याच्या नावाची होती. मामा, तुम्ही इथं पितरांचं ऋण फेडायला आलात. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत. ऋषींचं अभ्यासानं, देवांचं यज्ञानं आणि पितरांचं प्रजेनं फिटतं. मला त्यात एवढंच दिसतं, की मागच्यांचं घेतलेलं पुढच्यांना द्यायचं असतं, मागच्यांना परत करता येत नाही. आजीला तुम्ही आज काय देऊ शकता? तीळ आणि पाणी.”

“पोरं जन्माला घाला, एवढाच त्याचा अर्थ.”

“आणि त्यांना कोरडं कुंड द्या?”

मामा उठले. “चल, तपोवन बघू. तुझं झाडं-झाडं चाललंय महिनाभर.”

रिक्षानं गेलो. त्या दिवसांत नाशिकमध्ये दुसरा विषयच नव्हता. 2027 च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं, त्यासाठी महापालिकेच्या ताब्यातल्या 54 एकरांवरची सतराशे-अठराशे झाडं अडचणीची ठरली होती, आणि नोटीस लागल्यापासून लोक तिथं जमत होते. खोडांवर आकडे रंगवलेले होते. सकाळचं धुकं अजून फांद्यांत अडकलं होतं. खालून कपिलेच्या संगमाकडचा वारा येत होता. दोन बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन आमच्या अंगावरून गेल्या.

“साधूंना कुठं ठेवायचं?” मामांनी विचारलं. “हा प्रश्न तुमच्या मोर्चात कुणी घेत नाही. डोक्यावर गाठोडं घेऊन येणारी बाई हॉटेलात उतरत नाही. तिला जमीन लागते. आणि यातली कित्येक झाडं मागच्या सिंहस्थानंतरची आहेत. दहा वर्षांत उगवली. तोडली तर पुन्हा उगवतील. कायदाही आहे, 2021 पासून. जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं लावायची.”

“म्हणजे दहा वर्षांच्या झाडाला दहा रोपं. बरं. ती रोपं वाढली, 2039 चा सिंहस्थ आला. तेव्हाचे लोक म्हणतील, ही तर मागच्या सिंहस्थानंतरची, तोडा, पुन्हा उगवतील. मग 2051. मामा, या हिशेबानं तपोवनात बारा वर्षांहून मोठं झाड कुणी कधी बघणारच नाही. दर वेळचा निर्णय लहान, दर वेळचं कारण खरं, आणि तरी पन्नास वर्षांचं झाड एकही नाही. त्याच कायद्यानं पन्नास वर्षांच्या झाडाला वारसावृक्ष म्हटलंय. तो कुठून यायचा?”

“मग उपाय सांग.”

“जपानमध्ये इसे नावाचं तीर्थ आहे. तिथलं देऊळ दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात. 2013 ला बांधलं, पुढचं 2033 ला. आपल्यासारखंच चक्र. लाकूड कमी पडायला लागलं तेव्हा त्यांनी 1923 मध्ये दोनशे वर्षांचा आराखडा करून देवस्थानाच्या डोंगरात हिनोकीचं जंगल वाढवायला घेतलं. ज्यांनी रोपं लावली त्यांच्यापैकी कुणी त्या खांबांखाली उभं राहणार नव्हतं. उत्सवच त्यांना झाडं लावायला लावतो. आपला उत्सव तोडायला का लावतो?”

“तिथं लाखांची गर्दी एका दिवशी नदीत उतरत नाही.”

“नाही उतरत. म्हणून मी मेळा नको म्हणत नाही. आजीचा मेळा होता तो. पुढच्यांना काय आवडेल तेही मला माहीत नाही. त्यांना सिंहस्थ हवा असेल, नसेल. त्यांनी ठरवावं. पण ठरवायला नदीत पाणी आणि काठाला झाड शिल्लक पाहिजे. राहुट्या झाडांमधून बसवा, मोकळी शेतं भाड्यानं घ्या, आणखी लांब न्या. महाग पडेल. पडू दे. तेवढा खर्च आपल्या पिढीनं करावा, एवढंच.”

“लांब नेलं की लोक चालतात, आणि चालताना गर्दी होते, आणि गर्दीत...” मामांनी वाक्य सोडून दिलं. मला त्या चपला दिसल्या. त्यांनाही दिसत असणार.

आम्ही न बोलता थोडं पुढं गेलो. एका चिंचेपाशी मामा थांबले. खोडावरच्या आकड्याकडे त्यांनी पाहिलं, मग चपला काढल्या. का काढल्या कोण जाणे, कदाचित मुळ्या उघड्या होत्या म्हणून. छातीच्या उंचीवर खोडाला हात लावून ते विती मोजू लागले. एक हात, मग दुसरा, अंगठ्याला करंगळी टेकवत, संपूर्ण फेरा. शेवटची वीत पुरी बसेना.

“साडेनऊ,” ते म्हणाले. “माझी वीत नऊ इंची. म्हणजे सात फुटांच्या वर घेर. हे मागच्या सिंहस्थानंतरचं नाही.”

“मग?”

“मग काही नाही. नाही ते नाही.” त्यांनी खिसा चाचपला. “कागद आहे?”

मी मोबाइल काढला.

“त्यात नको. कागदावर.”

पर्समध्ये गुरुजींनी दिलेला कागद होता, वहीतल्या नावांची नक्कल. वर मामांचे आजोबा, मग अण्णा, मग आजी, शेवटी मी. मी तो उलटा केला आणि मामांच्या पाठीवर धरला.

“आधी आकडा लिही, खोडावरचा. मग चिंच. मग घेर, साडेनऊ विती. वीत कुणाची तेही लिही, नाहीतर पुढं कुणी मोजलं तर ताळा लागायचा नाही.” ते वाकून उभे होते आणि कागदाखाली त्यांचा ओला सदरा मला हाताला लागत होता. “लिहिलंस? आता तारीख घाल.”